लेबर रूममध्ये जाणाऱ्या बाबांसाठी

थोरलीच्या वेळी मी साडेसहा तास लेबर रूममध्ये होतो, आणि त्यातले निदान चार तास मी मॉनिटरकडे बघत होतो. पडद्यावर रेघ चढू लागली की बायकोला सांगायचो, "आता कळ येतेय बघ." तिला ते माझ्याआधी कळलेलं असायचं. खूप दिवसांनी ती म्हणाली, "तू होतास, पण माझ्याकडे बघत नव्हतास." धाकट्याच्या वेळी मी मॉनिटरकडे पाठ करून बसलो. या दोन बाळंतपणांमध्ये जे शिकलो ते पहिल्यांदाच बाबा होणाऱ्यांसाठी लिहितो आहे. वडिलांनी आत असावं की नसावं यावर सगळे बोलतात. आत जाऊन करायचं काय, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही.

आधी तिला विचारा, आणि उत्तर ऐका

हा निर्णय तिचा आहे. 2018 साली जागतिक आरोग्य संघटनेने प्रसूतीच्या काळजीबद्दल ज्या शिफारशी केल्या, त्यात प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी असं म्हटलं आहे. तिच्या पसंतीची. म्हणजे तो नवरा असेल, आई असेल, बहीण असेल, नाहीतर मैत्रीण असेल. प्रसूतीत अखंड सोबत मिळालेल्या बायकांवरचे 26 अभ्यास 2017 मध्ये एकत्र तपासले गेले. त्यांत 15 हजारांहून जास्त बायका होत्या. ज्यांच्याजवळ कोणीतरी सतत होतं त्यांची प्रसूती आपोआप, म्हणजे सिझेरियन किंवा बाळ ओढून काढायच्या चिमट्याशिवाय, होण्याचं प्रमाण जास्त होतं, कळांचा काळ थोडा कमी होता आणि अनुभव वाईट गेला असं म्हणणाऱ्या बायकाही कमी होत्या. पण ही सोबत करणाऱ्यांमध्ये नर्स होत्या, प्रशिक्षित मदतनीस बायका होत्या, नातेवाईकही होते. 'नवरा आत असला की सगळं नीट होतं' असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

उलट बाजूही ऐकून ठेवा. मिशेल ओदाँ या फ्रेंच प्रसूतितज्ज्ञांचं म्हणणं असं की घाबरलेला नवरा जवळ असला तर त्याची भीती बाईलाही लागते, तिचं शरीर सावध होतं आणि कळा मंदावतात. सगळेच डॉक्टर हे मानत नाहीत, आणि मलाही ते सरसकट पटत नाही. तरी भीती लागते हे खरं आहे, म्हणून स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. रक्त बघून तुम्हाला काय होतं? ती ओरडली, तुमच्यावर चिडली, तर तुम्ही शांत राहाल का?

तिला विचारताना "मी आत येऊ ना?" असं विचारू नका. त्याला 'नको' म्हणणं अवघड जातं. "तुला आत कोण हवं?" असं विचारा आणि गप्प बसा. काही जणींना नवऱ्यासमोर तशा अवस्थेत असणं नको वाटतं. त्यात तुमच्या नात्याबद्दल काही वाईट नाही. काहींना कळा चालू असेपर्यंत नवरा हवा असतो आणि शेवटी तो बाहेर गेलेला चालतो. काहींना दोघं हवी असतात, नवरा आणि एखादी अनुभवी बाई. आणि ऐन वेळी तिने मन बदललं तर काही न बोलता बाहेर जायचं. हे तिला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिला तुमच्या मनाची काळजी करत बसावं लागणार नाही.

तुम्हालाच आत जायचं नसेल तर तेही आताच सांगा. मग दुसऱ्या कोणाची तरी सोबत ठरवायला वेळ मिळतो. वाईट असतं ते शेवटच्या क्षणी दारातून मागे फिरणं.

दवाखान्यात काय विचारायचं

साधारण आठवा महिना लागायच्या सुमाराला विचारून घ्या. नुसतं "नवऱ्याला आत सोडतात का?" एवढं पुरत नाही. आमच्या पहिल्या दवाखान्यात 'हो' म्हणाले होते. प्रत्यक्षात तपासणीच्या प्रत्येक वेळी मला बाहेर काढत आणि परत आत घ्यायला विसरत. म्हणून नेमकं विचारा: कळांच्या सुरुवातीपासून आत राहता येतं की फक्त शेवटी? एकच माणूस, की आलटून पालटून दोघं चालतात? खोलीत इतर बायका असतात का, पडदा असतो का? सिझेरियन ठरलं तर थिएटरमध्ये घेतात का? रात्रीही हाच नियम असतो का? शक्य असेल तर खोली एकदा बघून या. तिथे बसायला स्टूल आहे का हे मी दुसऱ्या वेळी मुद्दाम पाहिलं होतं.

नवऱ्याला आत सोडायचा नियमच नसेल तर भांडण्यात ताकद घालवू नका. बाई सोबतीला चालते का ते विचारा, आणि कळांचे सुरुवातीचे तास, जे बहुतेक वेळा लेबर रूमच्या बाहेरच जातात, ते तुमचे समजा.

आधी माहीत हवं ते

वडील घाबरतात त्याचं अर्धं कारण हे की जे नेहमीचं आहे तेच त्यांना संकट वाटतं. म्हणून थोडी माहिती.

गर्भपिशवीचं तोंड 10 सेंटिमीटर उघडावं लागतं. पहिले 5 सेंटिमीटर रेंगाळत होतात. त्याला किती वेळ लागेल याचा नेम नाही, कधी एक दिवसही जातो. त्यानंतर कळा जोर धरतात. तिथून पूर्ण उघडेपर्यंत पहिलटकरणीला साधारणपणे 12 तासांपेक्षा जास्त लागत नाहीत, आधी बाळंतपण झालेलीला 10 तासांपेक्षा. मग बाळ खाली सरकून बाहेर येतं. या टप्प्याला पहिल्या खेपेला 3 तासांपर्यंत लागू शकतात. शेवटी वार (प्लासेंटा) पडते, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत.

तोंड पूर्ण उघडायच्या जरा आधीचा काळ सर्वांत अवघड. अंग थरथरतं, उलटी होते, कळांमध्ये उसंत मिळत नाही, आणि "मला नाही जमणार, मला घरी जायचंय" असं ती म्हणते. वडील इथेच खचतात. पण हे बहुतेक वेळा शेवट जवळ आल्याचं लक्षण असतं. मला हे पहिल्या वेळी माहीत नव्हतं. मी सिस्टरना विचारायला धावलो आणि तिला तेवढा वेळ एकटीला सोडलं.

कळा सुरू झाल्यावर, घरी

कळांची नोंद ठेवणं हे तुमचं पहिलं काम. एका कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत किती मिनिटं गेली ते लिहा, आणि कळ किती टिकली तेही. पहिल्या खेपेला सर्वसाधारण हिशेब असा: दर 5 मिनिटांनी कळ, प्रत्येक कळ मिनिटभराची, आणि असं तासभर चाललं की निघायचं. आधीचं बाळंतपण झालं असेल किंवा घर लांब असेल तर त्याआधीच निघा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

काही गोष्टींत मात्र हिशेब करत बसायचं नाही, लगेच निघायचं: पाणी गेलं (ते हिरवट किंवा लालसर असेल तर विशेषच), रक्त जातंय, बाळाची हालचाल कमी वाटते, डोकं खूप दुखतंय किंवा डोळ्यांपुढे अंधारी येते, किंवा 37 आठवडे व्हायच्या आत कळा आल्या. पाणी गेल्याची वेळ आणि रंग लिहून ठेवा, दवाखान्यात पहिल्यांदा तेच विचारतात.

निघायची वेळ आलेली नसेल तर तिला झोपू द्या, चालू द्या, कोमट पाण्याने अंघोळ करू द्या. तुम्हीही खाऊन घ्या. लेबर रूममध्ये चक्कर येऊन पडणारे वडील बरेचदा उपाशीपोटी, तासन्‌तास उभे राहिलेले असतात.

बॅगेत तुमच्यासाठी एक जादा शर्ट, चार्जर, पाण्याची बाटली आणि वाकडी होणारी स्ट्रॉ ठेवा. स्ट्रॉ तिच्यासाठी. कुशीवर झोपल्या झोपल्या दोन कळांच्या मध्ये घोटभर पाणी प्यायचं तर दुसरं काही उपयोगी पडत नाही. आणि हातातली अंगठी घरीच काढून ठेवा. ती हात धरेल तेव्हा का ते कळेल.

आत गेल्यावर

तुमची जागा तिच्या डोक्याशी. स्टूल ओढून घ्या, तुमचा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या उंचीवर येईल असे बसा. उभं राहून वरून बोलणारा माणूस कळांमध्ये नकोसा होतो. तिथून डॉक्टरांच्या मध्येही तुम्ही येत नाही, आणि तिला जे दाखवायचं नाही ते तुम्हाला दिसतही नाही.

कळ चालू असताना बोलू नका. प्रश्न तर अजिबात नको. "पाणी हवं का, उशी हवी का, काय होतंय" याचं उत्तर द्यायला तिला त्या कळेतून बाहेर यावं लागतं. कळ ओसरली की एकच साधी गोष्ट विचारा, हो-नाही पुरेल अशी. तेही नको असेल तर स्ट्रॉ ओठांशी न्या. ती पिईल किंवा तोंड फिरवेल.

कंबरेतून कळा येत असतील, विशेषतः बाळाची पाठ तिच्या पाठीकडे असेल तर, तिथे दाब दिलेला फार बरा वाटतो. बोटांनी चोळू नका. तळहाताचा मनगटाजवळचा भाग माकडहाडाच्या थोडा वर ठेवायचा आणि कळ चढेल तसा अंगाचा भार टाकायचा, कळ उतरली की सोडायचा. किती जोरात ते तीच सांगेल. धाकट्याच्या वेळी मी पहिल्यांदा हळूच दाबलं, तर ती दात आवळून "अजून" म्हणाली. मी भार वाढवला. "अजून." शेवटी गुडघा पलंगाच्या कडेला टेकवून, दोन्ही हात एकावर एक ठेवून सगळा भार टाकला, तेव्हा तिने श्वास सोडला. पुढचा जवळजवळ दीड तास मी तेवढंच केलं. दुसऱ्या दिवशी माझे खांदे भरून आले होते. आणि ती सगळ्यांना सांगत होती की त्या हातांमुळे निभावलं. कधीकधी मात्र नेमकं उलटं होतं. दहा मिनिटांपूर्वी हवा असलेला हात एकदम नकोसा होतो. "हात काढ" म्हटलं की काढायचा, आणि तिथेच बसून राहायचं.

डॉक्टरांची हरकत नसेल तर तिला उठू द्या, चालू द्या, तुमच्या गळ्यात हात टाकून लोंबकळू द्या. उभ्या-बसत्या स्थितीत राहिलेल्या बायकांचा कळांचा पहिला टप्पा आडवं पडून राहिलेल्यांपेक्षा सरासरी तासाभराहून जास्त कमी होतो असं दिसून आलं आहे. एपिड्यूरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून दिलेलं औषध, घेतलं असेल तर चालणं बहुधा जमत नाही, मग कूस बदलायला मदत करा. दर दोन तासांनी लघवीची आठवण करा. भरलेल्या मूत्राशयामुळे बाळाचं डोकं खाली यायला अडतं, आणि कळांच्या नादात तिला ते जाणवत नाही.

डॉक्टर काही सुचवतात, इंजेक्शन किंवा पाणमोट (बाळाभोवतीची पाण्याची पिशवी) फोडणं, तेव्हा कळ संपेपर्यंत थांबायला सांगा आणि मग शांतपणे विचारा: हे कशासाठी, थांबलं तर काय होईल, दुसरा काही मार्ग आहे का? उत्तर तिला ऐकू आलं आहे ना ते बघा. संमती तिची असते, तुमची नव्हे. आणि डॉक्टर "आता वेळ नाही" म्हणाले तर प्रश्न नंतरसाठी ठेवा.

चक्कर येतेय असं वाटलं तर लगेच खाली बसा, जमिनीवर बसलात तरी चालेल, आणि सिस्टरना सांगा. भिंतीला धरून दम काढू नका. तुम्ही पडलात तर तिच्याजवळची माणसं तुमच्याकडे धावतील.

जोर लावायची वेळ

आता खोलीत सगळे एकदम बोलू लागतात. तुम्ही त्यात भर घालू नका. एकाच माणसाचा आवाज तिच्यापर्यंत पोचायला हवा, आणि तो डॉक्टरांचा किंवा सिस्टरचा. तुमचं काम तेच शब्द तिच्या कानाशी हळू आवाजात पोचवायचं. विशेषतः डोकं दिसू लागल्यावर "आता जोर लावू नका, धापा टाका" असं सांगतात ते. त्या क्षणी तिला बाहेरचं काही ऐकू येत नाही, कानाजवळचा ओळखीचा आवाज मात्र येतो. कळांच्या मध्ये डोळे मिटून ती झोपल्यासारखी पडेल. पडू द्या.

बघायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी थोरलीच्या वेळी पाहिलं नाही, धाकट्याच्या वेळी पाहिलं. दोन्हीचा पश्चात्ताप नाही. फोटो मात्र तिने आधी हो म्हटलं असेल आणि दवाखान्याची परवानगी असेल तरच.

बाळ आलं की

बाळ निळसर, चिकट, पांढऱ्या लेपाने माखलेलं, डोकं लांबट झालेलं असं येतं. हे सगळं नेहमीचं. रंग काही मिनिटांत गुलाबी होतो, हातपाय थोडे मागून. डोकं काही दिवसांत गोल होतं. रडणं लगेच ऐकू आलं नाही तर तो क्षण फार लांब वाटतो. सिस्टर बाळाला कोरडं करतात, पाठ चोळतात. दहातल्या एखाद्या बाळाला श्वास सुरू करायला थोडी मदत लागते, त्यातल्या बहुतेकांना एवढंच पुरतं.

नाळ कापायला सांगतील तर आधी माहीत असू द्या: ती जाड, बुळबुळीत आणि रबरासारखी असते, कात्री जोरात दाबावी लागते. नाळेत संवेदना नसते, त्यामुळे आईला किंवा बाळाला दुखत नाही. बाळ ठीक असेल तर नाळ लगेच कापत नाहीत, निदान मिनिटभर थांबतात, म्हणजे वारेतलं रक्त बाळाला मिळतं. घाई नसेल तर तेवढं थांबण्याची विनंती करता येते.

आता ज्या गोष्टीवर मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ती. बाळ आल्याबरोबर सगळ्यांचे डोळे बाळाकडे वळतात, वडिलांचे तर नक्कीच. पण तिचं बाळंतपण अजून संपलेलं नसतं. वार पडायची असते, टाके घालायचे असतात, थंडी वाजून अंग कापत असतं, आणि जास्त रक्तस्राव होण्याचा धोका याच वेळी असतो. थोरलीच्या वेळी मी बाळामागे, बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरपाशी गेलो आणि पंधरा मिनिटांनी आठवण होऊन मागे वळलो, तर ती छताकडे बघत पडली होती. टाके चालू होते आणि तिचा हात धरायला कोणी नव्हतं.

म्हणून हे आधीच ठरवा: बाळाला दुसऱ्या खोलीत न्यावं लागलं तर तुम्ही कोणाबरोबर जाणार? बऱ्याच जणी म्हणतात, "बाळाबरोबर जा." काही म्हणतात, "मला सोडून जाऊ नको." दोन्ही बरोबर. फक्त ऐन वेळी हा प्रश्न तिच्यासमोर नको. बाळाबरोबर गेलात तर परत येऊन, किंवा कोणाकरवी, दर थोड्या वेळाने तिला खबर द्या.

सगळं ठीक असेल तर बाळ उघड्या अंगाने तिच्या छातीवर, वरून पांघरूण, आणि पहिल्या तासात अंगावर पाजणं. हा तास त्या दोघांचा. फोन, नातेवाईक, पेढ्यांचं बोलणं दाराबाहेर ठेवणं तुमच्याकडे. तिला शक्य नसेल तर बाळाला तुमच्या उघड्या छातीवर घेता येतं. त्यासाठी पुढून बटणं असलेला शर्ट घाला.

सिझेरियन झालं तर

बहुतेक वेळा कंबरेखालचा भाग बधिर करून सिझेरियन होतं. ती जागी असते, छातीपाशी पडदा असतो, आणि परवानगी असेल तर तुम्ही डोक्याशी बसता. दुखत नाही, पण ओढल्यासारखं, ढकलल्यासारखं वाटतं, आणि ते तिला घाबरवू शकतं. तेव्हा बोलत राहा. इथे बोलणं चालतं. निर्जंतुक कापडांना हात लावू नका. बाळ पहिल्या काही मिनिटांतच बाहेर येतं, टाक्यांना मात्र अर्धा-पाऊण तास लागतो. पूर्ण भूल द्यावी लागली किंवा फार घाई असली तर तुम्हाला बाहेर थांबवतील. तिथे हुज्जत घालू नका. मग बाहेर तुम्ही एकटे असता आणि कोणी काही सांगत नाही. अशा वेळी जवळ बसायला एक माणूस आधीच बोलावून ठेवलेला बरा.

नंतरचे दिवस

प्रसूती अवघड गेली असेल तर तुम्हालाही ती दृश्यं रात्री आठवतील. बाळाच्या जन्मानंतर नैराश्य वडिलांनाही येतं, सुमारे दहातल्या एकाला. झोप उडाली, चिडचिड थांबेना, बाळाला घ्यावंसंच वाटेना, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर डॉक्टरांशी बोला. "त्रास तर तिला झाला, मी काय सांगू" म्हणून गप्प बसू नका.

आणि त्याच रात्री, आठवतंय तोवर, वेळा लिहून काढा. तिला मधले तास नीट आठवत नाहीत. काही दिवसांनी ती विचारेल: पाणी कधी गेलं, ती कळ आली तेव्हा सिस्टर काय म्हणाल्या, बाळाने डोळे कधी उघडले? धाकट्याची ती पानं माझ्या वहीत आहेत. पहाटे 4 वाजून 10 मिनिटांनी "अजून". 5 वाजून 35 मिनिटांनी "हात काढ". 5 वाजून 52 मिनिटांनी तो. थोरलीच्या पानावर मॉनिटरवरचे आकडे आहेत.